देऊळ कशावर चालतं?

दिवाळी सरली की आमच्या वरणगाव-भुसावळ पट्ट्यात दक्षिण यात्रेचे बेत शिजू लागतात. कापसाचे पैसे हाती आलेले असतात. ऑर्डनन्स फॅक्टरीतून नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेल्यांकडे सवड असते. मग चार घरं मिळून कर्नाटक एक्स्प्रेसनं निघतात, नाहीतर यात्रा कंपनीच्या बसचं बुकिंग करतात. मदुराई, रामेश्वर, तंजावर, कांचीपुरम, श्रीरंगम असा फेरा होतो. परतल्यावर गंगापूजन आटोपतं, प्रसादाच्या पुड्या वाटल्या जातात आणि ओट्यावर बसून एक वाक्य हमखास ऐकू येतं: देवळं पाहावीत तर तिकडची, आपल्याकडे काय आहे?

हे वाक्य अर्धं खरं आहे. मदुराईच्या मीनाक्षीचं गोपूर, तंजावरच्या बृहदीश्वराचं दोनशे फुटांहून उंच विमान (गाभाऱ्यावरचं शिखर), श्रीरंगमचे सात प्राकार यांच्या तोडीचं खानदेशात काही उभं नाही. पण वरणगावपासून अर्ध्या तासावर, तापी आणि पूर्णा जिथे एक होतात तिथे, चांगदेवचं देऊळ आहे. चाळीसगावजवळ वाघळी आणि पाटण आहे. साक्री तालुक्यात बळसाणे आहे. या गावांच्या शिलालेखांत आणि दगडांत एका मोठ्या मंदिर-संस्कृतीचा हिशेब शिल्लक आहे. तो दक्षिणेच्या हिशेबाशेजारी ठेवून वाचला, तर तिकडचं काय टिकलं आणि इकडचं काय हरवलं ते नीट कळतं.

तंजावरची खतावणी

बृहदीश्वराच्या देवळात गेलेला माणूस आधी मान वर करतो. माझं म्हणणं असं की नजर खाली, जोत्याकडेही न्यावी. राजराज चोळानं हे देऊळ इ.स. १०१० मध्ये पूर्ण केलं आणि त्याचा कारभार कसा चालणार, ते भिंतींवर आणि जोत्यावर तमिळमध्ये कोरून ठेवलं. ही अक्षरशः दगडी खतावणी आहे. चोळ राज्यातल्या निरनिराळ्या देवळांतून ४०० नर्तकी इथे आणून वसवल्या. त्यांची नावं, त्या मूळच्या कुठल्या, कोणत्या आळीत कितवं घर मिळालं, वर्षाला प्रत्येकी १०० कलम भात कसा मिळायचा, सगळं त्यात आहे. वादक, हिशेबनीस, छत्र धरणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार यांचे वाटेही नोंदलेले आहेत.

एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या असा दर होता. मेंढ्या धनगरांच्या ताब्यात राहायच्या, त्यांनी रोज ठरलेल्या मापाचं तूप देवळाला पोचवायचं. देवळाचा पैसा गावसभांकडे साडेबारा टक्के व्याजानं ठेवलेला असे आणि त्या व्याजातून नैवेद्य, कापूर, उत्सव भागत. म्हणजे देवळातला दिवा तेवत राहण्यात दूरच्या गावातल्या धनगराचा हात होता. हजारो माणसांचं पोट देवळाशी बांधलं गेलं, तेव्हा देऊळ उभं राहिलं आणि त्याच्याभोवती नगर वसलं.

मदुराईत हेच रस्त्यांच्या आखणीत दिसतं. मीनाक्षीच्या देवळाभोवती एकात एक चौकोनी रस्ते आहेत आणि त्यांना आडी, चित्तिरै, मासी अशी तमिळ महिन्यांची नावं आहेत. उत्सवांच्या मिरवणुका या रस्त्यांनी फिरतात. सोळाव्या शतकात नायक राजांनी या आखणीला आजचं रूप दिलं. तिथे सणाचं पंचांगच गावाचा नकाशा झालं आहे. रथ ओढायला माणसं हवीत, माणसांना जेवण हवं, जेवणाला तांदूळ हवा, तांदळाला जमीन हवी. ही साखळी तुटू दिली नाही, म्हणून ते शहर आजही देवळाभोवती नांदतं.

वाघळी आणि पाटण: आपली खतावणी

आता खानदेशात येऊ. भुसावळहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत चाळीसगावच्या आधी वाघळी हे छोटं स्टेशन लागतं. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. या वाघळीत शके ९९१ चा, म्हणजे इ.स. १०६९ चा शिलालेख आहे. तेव्हा यादव राजा सेऊणचंद्र दुसरा याचं राज्य होतं आणि इथला मांडलिक होता गोविंदराज नावाचा मौर्य कुळातला सरदार. लेखात शिवाच्या देवळाबरोबर विहीर आणि अन्नसत्र यांचीही नोंद आहे. देव, पाणी आणि अन्न अशी ही त्रयी आहे. वाटसरूला पहिली गरज पाण्याची, दुसरी घासाची. अकराव्या शतकातल्या खानदेशानं ती ओळखून दगडावर लिहून ठेवली होती.

पाटण त्याहून श्रीमंत. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी, आज गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात असलेलं हे ठिकाण लोक पाटणादेवी म्हणून ओळखतात. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी जंगल, डोंगरी नदी आणि माकडं. वर डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, म्हणजे वस्तीची परंपरा दोन हजार वर्षांमागे जाते. बाराव्या-तेराव्या शतकात हे यादवांचे मांडलिक निकुंभ यांचं ठाणं होतं. सोळाशे गावांचे धनी असं ते स्वतःला म्हणवत. इथल्या महादेवाच्या देवळातला शके १०७५ चा, म्हणजे इ.स. ११५३ च्या सुमाराचा लेख सांगतो की निकुंभ राजा इंद्रराज यानं हे देऊळ बांधायला घेतलं. तो गेल्यावर राणी श्रीदेवीनं मुलगा गोवन लहान असताना राज्य सांभाळलं आणि देऊळ पुरं केलं. खानदेशच्या इतिहासात नावानिशी भेटणाऱ्या कर्त्या बायका मोजक्या, आणि शालेय पुस्तकात श्रीदेवी कुणाला भेटत नाही.

पाटणचं खरं धन मात्र दुसऱ्या लेखात आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांना तो देवीच्या देवळात सापडला आणि १८६५ मध्ये त्यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. पुढे अभ्यासक कीलहॉर्न यांनी त्याचं संपादन केलं. शके १०३६ मध्ये जन्मलेले, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचणारे भास्कराचार्य आपण सगळे जाणतो. त्यांचे नातू चांगदेव हे यादव सम्राट सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होते. (संगमावरचे योगी चांगदेव ते वेगळे, दोघांची गल्लत करू नये.) या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. निकुंभ सोईदेवानं शके ११२८ च्या सुमारास चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्याला दान दिलं आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यानं ते पुढे चालवलं. देवळाच्या गावात गणित-ज्योतिषाची शाळा, तीही एका विशिष्ट ग्रंथकर्त्याच्या अभ्यासासाठी! आजच्या भाषेत हे संशोधन केंद्रच.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे, स्तुती आहे, पदव्या आहेत. पण पैशाचा विषय येताच लेखाची भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. कारण सरळ आहे. स्तुती पंडितांनी वाचायची होती, पण कर भरायचा होता बाजारातल्या माणसांनी. त्यांना कळेल त्या बोलीत नियम लिहिणं भाग होतं.

नियम पाहा. पाटणच्या पेठेत जो माल खुला होईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला येणारं देणं मठाला दिलं. ब्राह्मणांनी आपल्या वाट्याचं देणं सोडलं. नगरानं गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा हिस्सा देऊ केला. गिऱ्हाइकानं पाच सुपाऱ्या द्यायच्या. जितके घाणे चालतील, तितक्यांकडून पळीपळी तेल. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं कलम हे: इथे जे मोजायचं ते मठाच्या मापानं मोजायचं. मापाईतला अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला. शिवाय चतुःसीमा सांगून जमीनही दिली आहे.

या कलमांचा अर्थ जरा थांबून लक्षात घ्यावा. घाण्यावर बसलेला तेली, सुपाऱ्या देणारा गिऱ्हाईक, धान्य मोजणारा मापारी यांतल्या कुणालाही ‘सिद्धान्तशिरोमणि’ची एक ओळ कळत नसेल. तरी त्यांच्या पळीभर तेलावर आणि पाच सुपाऱ्यांवर ग्रहगणिताचा अभ्यास चालणार होता. राजा आपला हक्क सोडतो, ब्राह्मण सोडतात, नगर स्वतःवर पट्टी लावून घेतं. मोजमापाची प्रतिष्ठाही मठाकडे येते, म्हणजे पेठ आणि पाठशाळा एकमेकींच्या विश्वासाला बांधल्या जातात. तंजावरच्या जोत्यावर मेंढ्या आणि तूप आहे, पाटणच्या शिळेवर घाणा आणि तेल. आकार लहान, रीत तीच.

मग इकडचं काय झालं?

परचक्र आलं आणि सगळं बुडालं, हे सोपं उत्तर आपल्या तोंडी बसलेलं आहे. ते पुरतं खोटं नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीनं देवगिरीवर धाड घातली आणि पुढच्या वीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. पण परचक्र दक्षिणेनंही पाहिलं. मलिक काफूर १३११ मध्ये मदुराईपर्यंत पोचला होता, नंतर तिथे सुलतानी राजवटही झाली. श्रीरंगमची उत्सवमूर्ती काही दशकं परागंदा होती. तरी ती नगरं पुन्हा उभी राहिली, कारण विजयनगरनं, नायकांनी आणि पुढे मराठ्यांनी तिथली दानव्यवस्था पुन्हा जोडून दिली.

खानदेशात सत्तेची केंद्रं सरकली. फारुकी सुलतानांनी थाळनेर आणि मग बऱ्हाणपूर धरलं. १६०१ मध्ये अशीरगड अकबराकडे गेला. पेठा, कारागीर, पैसा बऱ्हाणपूरकडे वाहू लागला. निकुंभ संपले, पाटणची पेठ उठली. पेठ उठल्यावर घाणा कुणाचा आणि पळीभर तेल कुणी द्यायचं? मठाचं माप ज्या बाजारात चालायचं तो बाजारच नाहीसा झाला. देवळावर कुणी घाव घातला की नाही हा नंतरचा प्रश्न. रोजचा खर्च बंद झाला की पाचपन्नास पावसाळ्यांत वड-पिंपळच भिंती उकलतात.

संगमावर

चांगदेवचं देऊळ मात्र वेगळ्या वाटेनं तगलं. वरणगावहून मुक्ताईनगरकडे जाताना हतनूर धरणाचं बॅकवॉटर दिसू लागतं. तापीवरचं हे ४१ दरवाजांचं धरण संगमाच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे संगमावर आता नदीपेक्षा तलावाचं रूप जास्त. हिवाळ्यात या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात आणि पक्षीनिरीक्षक दुर्बिणी घेऊन येतात. पाण्याजवळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातलं देऊळ.

त्याची भिंत हात लावून पाहण्यासारखी आहे. विधान तारकाकृती आहे, म्हणजे भिंत सरळ धावतच नाही. थोडी जाते आणि कोन काढते, पुन्हा आत वळते, पुन्हा कोन काढते. चौरस एका मध्याभोवती थोडा थोडा फिरवत गेलं की जे टोकदार कोपरे मिळतात, तेच इथे दगडात आहेत. त्यामुळे कोणत्याही वेळी भिंतीचा काही भाग उन्हात आणि काही सावलीत असतो, आणि काळा पाषाण सपाट दिसत नाही. दगडावर दगड नेमका बसवलेला, सांध्यात चुना नाही. अशा कामाला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित यादवांच्या अखेरच्या काळातला, ही शैली त्याच्या आधीपासूनची. वर शिखर नाही, म्हणून लांबून देऊळ बसकं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की पायाची आखणी फार मोठ्या उंचीसाठी केलेली आहे.

या जागेची कीर्ती यादवांबरोबर संपली नाही, याचा पुरावा थेट अकबराच्या दरबारातून मिळतो. अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त खानदेश सुभ्याचं वर्णन करताना चांगदेव गावाजवळचा तापी-पूर्णा संगम मोठा पवित्र मानतात, त्याला चक्रतीर्थ म्हणतात, असं नोंदवलं आहे. तिथल्या महादेवाची कथाही तो सांगतो. एक आंधळा भक्त पूजेची मूर्ती जवळ बाळगून फिरायचा. ती इथे हरवली. कष्टी होऊन त्यानं वाळूची मूर्ती केली, तीच भावानं पुजली आणि वाळूचा पाषाण झाला. दुसरी कथा रोज गंगेला जाणाऱ्या एका तपस्व्याची. गंगा त्याच्या स्वप्नात आली, आता एवढे कष्ट नकोत म्हणाली आणि सकाळी त्याच्या कुटीतच झरा फुटला. सोळाव्या शतकाच्या अखेरीला बादशाही दप्तरात महसुलाच्या आकड्यांशेजारी या दोन गोष्टी टिपल्या गेल्या. राज्य बदललं, तरी माणसं इथे येत होती.

ती का येत होती, याचं उत्तर मुक्ताईकडे आहे. योगी चांगदेवांची कथा मराठी घरात सांगावी लागत नाही. वाघावर बसून सापाचा चाबूक करून निघालेला चौदाशे वर्षांचा सिद्ध, त्यानं ज्ञानदेवांना धाडलेलं कोरं पत्र, त्याला आलेलं पासष्ट ओव्यांचं उत्तर आणि शेवटी अजाण वयाच्या मुक्ताईचं त्याला मिळालेलं गुरुत्व. चांगदेवांची समाधी गोदाकाठी पुणतांब्याला आहे. मुक्ताई मात्र इकडची झाली. वारकरी परंपरेनुसार शके १२१९ च्या वैशाख वद्य दशमीला तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि ती अंतर्धान पावली. सन येतो १२९७. ज्ञानदेवांची समाधी त्याआधीच्या कार्तिकातली. अलाउद्दीनची धाडही १२९६ चीच. एकाच सुमारास देवगिरीचा खजिना रिता होत होता आणि चार भावंडांचा प्रवास संपत होता.

खजिना गेला तो गेलाच. भावंडांनी जे दिलं त्याला मात्र जोतं, जमीनजुमला, मापाई काही लागलं नाही. महाशिवरात्रीच्या आधी माघ वद्य एकादशीपासून मुक्ताई-चांगदेवची यात्रा भरते. खानदेशातून, बुलढाणा-अकोल्याकडून, बऱ्हाणपूर-निमाडातून दिंड्या येतात. बायकांच्या डोक्यावर तुळस, गड्यांच्या गळ्यात टाळ. रस्त्यातली गावं ऊस, केळी, चहा, फराळ घेऊन उभी असतात. उपासाचे दिवस, म्हणून साबुदाणा आणि रताळी. केळीच्या पट्ट्यात केळी कुणी मोजून देत नाही. ज्येष्ठात आईसाहेब मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. मानाच्या पालख्यांत सर्वांत लांबून येणाऱ्यांपैकी ही एक. बुलढाणा, जालना, बीड, सोलापूर असे जिल्हे ओलांडत महिनाभराहून अधिक चालते. बीडला नात आजोबा गोविंदपंतांच्या समाधीला भेटते.

वाटेत या पालखीला मुक्काम कोण देतं, पंगत कोण घालतं? पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली गावं आणि घरं. लेख कोरलेला नाही, दंड नाही, वसुली नाही. पाटणच्या तेल्यानं पळीभर तेल नियमानं दिलं, इथला शेतकरी पोतंभर ज्वारी रिवाजानं देतो. तंजावरनं व्यवस्था दगडात कोरली, वारकऱ्यांनी ती माणसांच्या सवयीत रुजवली. दक्षिणेच्या मंदिर-नगरीला आपल्याकडे जोड शोधायची तर ती मला एखाद्या देवळात सापडत नाही, या चालत्या वस्तीत सापडते.

तंजावरातले मराठी

आपण दक्षिणेकडे नुसते पाहुणे म्हणून गेलो असंही नाही. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं नांदलं. बृहदीश्वराच्या आवारात दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेनं बाबूराव चिटणीसांनी रचलेला भोसले वंशाचा इतिहास शके १७२५ मध्ये, म्हणजे १८०३ साली, मराठीत कोरला गेला. चोळांच्या तमिळ लेखांच्या देवळात इतका विस्तृत मराठी लेख! आमचे यात्रेकरू त्याच्यासमोरून जातात, फोटो काढतात नंदीचा.

या राजांची खरी कमाई रामेश्वराच्या वाटेवरची छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठीची अन्नसत्रं. १८०१ मध्ये सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांची बाजू मांडली. तिथे ब्राह्मणापासून पारियापर्यंत प्रत्येक वाटसरूला शिजलेलं अन्न मिळतं, पोरांना दूध मिळतं, आजाऱ्यावर वैद्य उपचार करतात, गर्भार बाईची काळजी घेतली जाते, पाठशाळा चालते, असा त्याचा आशय आहे. वाघळीच्या लेखात विहीर आणि सत्र आहे, पाटणच्या लेखात पाठशाळा. सहा-सात शतकांनी तंजावरच्या मराठी राजांनी सत्र आणि पाठशाळा एका छपराखाली आणल्या. भोसले घराण्याकडे आजही बृहदीश्वरासह ८८ देवळांचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आहे.

आता आपण

चांगदेवचे दगड सरकार सांभाळतं, मुक्ताईची वाट वारकरी सांभाळतात. मधली जागा, म्हणजे जाणतेपणाची, रिकामी आहे. यात्रेला लोटणाऱ्या माणसांपैकी किती जणांना अबुल फजलनं नोंदवलेलं चक्रतीर्थ ठाऊक असतं? पाटणादेवीला नवस फेडायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना वाटतं, की आपण उभे आहोत तिथे भास्कराचार्यांचं गणित शिकवलं जात होतं आणि त्यासाठी बाजारातला तेली पदरचं तेल घालत होता? अज्ञानाचा दोष भाविकांना देऊन भागणार नाही. सांगायचं काम ज्यांचं, त्यांनी सांगितलेलं नाही.

यासाठी कोटींचा निधी लागत नाही. पाटणच्या लेखातला मराठी भाग आजच्या सोप्या मराठीत छापून खानदेशातल्या प्रत्येक हायस्कुलात लावता येईल. गणिताच्या शिक्षकांनी चांगदेवच्या तारकाकृती पायाची आखणी मुलांकडून वहीत काढून घ्यावी, भूमितीचा तास सत्कारणी लागेल. ग्रामपंचायतींनी आणि आमच्या नगरपरिषदेनं यात्रेच्या दिवसांत गावातल्याच चार शिकलेल्या पोरांना माहिती सांगायला उभं करावं आणि त्याचे पैसे द्यावेत. पैसे द्यावेत हे मुद्दाम लिहितो. राजराजानं ४०० नर्तकींना भात दिला, निकुंभांनी मापाऱ्याला अर्धी मापाई दिली. फुकटच्या सेवेवर देवळाचं गाव फार काळ चालत नाही.

दक्षिण यात्रा जरूर करा. तंजावरात विमानाबरोबर जोत्यावरची अक्षरं पाहा, आवारातला मराठी लेख विचारून विचारून शोधा आणि उभ्यानं दोन ओळी वाचा. पण भुसावळला गाडीत बसण्यापूर्वी एक रविवार चांगदेव-मेहूणला द्या, दुसरा वाघळी-पाटणला. मग ओट्यावर बसून खुशाल सांगा, तिकडे काय आहे आणि आपल्याकडे काय आहे.